सोलापुरात कार, रस्ते आणि आपली तब्येत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा, कंबर, मान धरून येणाऱ्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, "दिवसाला किती चालता?" आणि उत्तर बहुतेक वेळा येते, "गाडी आहे ना." तिथून बोलणे हवेवर, हॉर्नवर, मुलांच्या शाळेवर जाते. पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि सोसायटीच्या बैठकांत भेटलेली माणसे पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. आधी साधे प्रश्न आहेत, मग अडचणीचे.

१. गाडी आणि तब्येत यांचा संबंध म्हणजे धूरच ना?

धूर हा त्यातला एक भाग. कारचा त्रास शरीरापर्यंत निदान पाच वाटांनी पोचतो: श्वासातून जाणारी हवा (प्रश्न २ ते ४), न झालेली हालचाल (प्रश्न ५), आवाज (प्रश्न ९), अपघात (प्रश्न १०) आणि गल्लीतले मोडलेले शेजारपण (प्रश्न ११). धूर दिसतो म्हणून त्याची चर्चा होते. माझ्याकडे येणाऱ्यांचे जास्त नुकसान बसून राहण्याने झालेले असते, आणि ते कुणाला दिसत नाही.

२. सोलापूर काही दिल्ली नाही. आपल्याकडची हवा खरंच वाईट आहे का?

दिल्लीइतकी नाही. पण 'दिल्लीपेक्षा बरी' म्हणजे 'चांगली' नव्हे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचे मानक न पाळू शकलेल्या शहरांसाठी तो आहे आणि त्या यादीत सोलापूर आहे.

आकडे वाचायचे कसे, ते एकदा समजून घ्या. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, पीएम २.५ म्हणजे त्यातले आणखी बारीक. हे बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात आणि त्यांतले सर्वांत सूक्ष्म रक्तातही उतरतात. म्हणून त्यांचा संबंध दम्यापुरता राहत नाही, हृदयविकार आणि पक्षाघाताशीही जोडला जातो. भारतीय मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. त्यामुळे आपल्या नियमात बसणारी हवासुद्धा त्यांच्या मर्यादेच्या कितीतरी वर असू शकते.

मोबाइलवर दिसणारा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, ही सगळ्या प्रदूषकांची सरासरी नसते. ज्या प्रदूषकाचा निर्देशांक सर्वांत जास्त, तोच आकडा दाखवला जातो. १०१ ते २०० ला 'मध्यम' म्हणतात, पण दमा आणि हृदयविकार असणाऱ्यांना त्या दिवशी त्रास होऊ शकतो. त्या शब्दावर विसंबू नका.

३. सोलापुरात धुरापेक्षा धूळ जास्त. धुळीचा दोष गाड्यांना कसा देता?

इथली जमीन कोरडी, पाऊस कमी, रस्त्याच्या कडा मातीच्या. धूळ असणारच, हे खरे. पण रस्त्यावर पडून राहिलेली धूळ नाकाच्या उंचीला आणतो कोण? चाक. गाडी गेली की धूळ उठते, बसते, पुढची गाडी तिला पुन्हा उठवते आणि दर वेळी थोडी दळूनही टाकते. ब्रेक आणि टायर झिजून उडणारा भुगा त्यातच मिसळतो. अक्कलकोट रस्त्याला एमआयडीसीकडे जाणारे ट्रक पाहा, मागे पिवळट पडदा लांबत जातो.

यावर उपाय फार मोठा नाही. रस्त्याची कडा पेव्हर ब्लॉकने किंवा गवताने झाकणे, खोदलेला चर लगेच बुजवणे, खडी-वाळूच्या गाड्यांवर ताडपत्री आणि कोरड्या खराट्याऐवजी धूळ ओढून घेणारे झाडणी यंत्र. प्रभागाच्या बैठकीत मागायचेच तर नावे घेऊन हे मागा. नुसते 'प्रदूषण कमी करा' म्हटले की काही होत नाही.

४. काचा वर, एसी चालू. मग कारमध्ये आपण सुरक्षितच ना?

अर्धवट. एसी बाहेरची हवा घेण्यावर असेल, तर पुढच्या टेम्पोचा धूर सरळ आत येतो. सिग्नलला त्याच्या मागे चिकटून उभे असाल तर जास्तच. हवा आतल्या आत फिरवणारे बटण दाबले की कण बरेच कमी होतात. पण चार माणसे असतील तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड साचतो, डोके जड होते, झापड येते. गर्दीच्या चौकात आतली हवा फिरवा, मोकळ्या रस्त्याला लागलात की बाहेरची घ्या, आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. केबिन फिल्टर वेळेवर बदला. सोलापूरच्या धुळीत तो पुस्तिकेत लिहिलेल्या अंतराच्या आधीच काळा पडतो.

आणि हे कवच आतल्या चौघांपुरते. तुमच्या गाडीचा धूर फुटपाथवर भाजी विकणाऱ्या मावशींच्या वाट्याला जातो, आणि त्या दिवसभर तिथेच बसलेल्या असतात.

५. दोन किलोमीटरसाठी कार काढली तर असे काय बिघडते?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न. म्हणून उत्तर लांब आहे.

आधी इंजिनाचे बघू. धुरातले विषारी वायू कमी करणारा उत्प्रेरक परिवर्तक गाडीच्या धुराड्यात बसवलेला असतो. तो अडीच-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. गार इंजिन सुरू करून सात रस्त्यावरून नवी पेठेत गेलात, तर बराचसा प्रवास तो तापण्यातच जातो. म्हणजे किलोमीटरमागे सर्वांत घाण धूर याच छोट्या फेऱ्यांत निघतो, आणि तोही भर वस्तीत.

आता शरीराचे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. दोन किलोमीटर चालायला साधारण पंचवीस मिनिटे लागतात. आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन चाललात की १५० मिनिटे तिथेच भरली. जिमची फी नाही, वेगळा वेळ नाही. गाडी लावायला जागा शोधत नवी पेठेत मारलेल्या घिरट्या मोजल्या, तर चालणारा फारसा मागे पडत नाही.

बसून राहण्याचे परिणाम किती जुन्या काळापासून माहीत आहेत, तेही सांगते. १९५३ मध्ये लंडनचे डॉक्टर जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली. बस तीच, शहर तेच. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढ-उतार करत. वाहकांना हृदयविकार कमी झाला, झाला तरी उशिरा आणि सौम्य. पुढे २००४ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहराचा अभ्यास आला. रोज कारमध्ये जाणाऱ्या प्रत्येक जादा तासामागे माणूस स्थूल असण्याची शक्यता ६ टक्क्यांनी वाढलेली दिसली, तर रोज चाललेल्या प्रत्येक किलोमीटरमागे जवळपास ५ टक्क्यांनी घटलेली. असे आकडे संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. पण माझ्या दवाखान्यात जे दिसते ते त्यांच्याशी जुळते.

पुण्याला, हैदराबादला कारने जरूर जा. मुद्दा आहे दूध, औषध, देऊळ, बँक, क्लास यांचा. सोलापूरच्या पेठा एकमेकींना खेटून आहेत. या शहरात छोटी फेरी पायी होऊ शकते, ही आपली श्रीमंती आहे.

६. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर जातो. तेव्हाही चाला म्हणता?

नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात साठीपुढच्यांनी, गरोदर बायकांनी, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालायचा हट्ट धरू नये. त्या दोन महिन्यांत कामे सकाळी आठच्या आत उरका, दुपारी रिक्षा, बस किंवा कार वापरा आणि मनाला लावून घेऊ नका. शिवाय कडक उन्हात गाड्यांच्या धुरातले वायू मिसळून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो दुपारी सर्वांत जास्त असतो आणि घसा, छाती जाळतो.

खरा प्रश्न सावलीचा आहे. रुंदीकरणात कडुलिंब तोडले गेले की रस्ता गाड्यांसाठी रुंद होतो आणि चालणाऱ्यांसाठी बंद. फुटपाथ मागताना झाड सोबत मागा.

७. मग थंडीत पहाटे पाचला फिरायला जाणे सर्वांत चांगले ना?

डिसेंबर-जानेवारीत नाही. थंड रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी राहते. रात्रभराचा धूर, शेकोट्यांचा धूर, महामार्गावरच्या ट्रकचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. ऊन वर आले की झाकण उघडते. दमा किंवा हृदयविकार असेल तर हिवाळ्यात सूर्य उगवून तासभर झाल्यावर निघा, आणि हमरस्त्याच्या कडेने न जाता सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव किंवा एखाद्या मैदानाकडे वळा. रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत गेल्यानेही फरक पडतो (प्रश्न १४).

८. आमच्याकडे कार नाही, दुचाकी आहे. हे सगळे आम्हाला लागू आहे का?

धूर आणि आवाज तुम्हाला कारवाल्यांपेक्षा जास्त भोगावा लागतो आणि अपघातात अंगाभोवती पत्रा नसतो. बसून राहण्याचा मुद्दा मात्र तोच, दुचाकीवर बसणे म्हणजे व्यायाम नव्हे. हेल्मेट दोघांनाही. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, असा नियम २०२३ पासून आहे. टाकीवर बसवलेले लेकरू जवळपास प्रत्येक चौकात दिसते. कृपा करून हे थांबवा.

९. हॉर्नच्या आवाजाने खरंच आजार होतो, की नुसती चिडचिड?

आजार होतो. आवाज झाला की तुम्ही जागे न होताही शरीर दचकते, ताणाची संप्रेरके वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. रात्रीमागून रात्री हे घडले की उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. भारतीय नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. घोषित शांतता क्षेत्रात, म्हणजे रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्या भोवतीच्या १०० मीटरच्या पट्ट्यात, ती ५० आणि ४० आहे. रात्र धरली जाते १० ते सकाळी ६.

मी स्वतः सहा वर्षे एका मोठ्या चौकाच्या कोपऱ्यावर राहिले. सासूबाईंचा रक्तदाब गोळ्या वाढवूनही उतरत नव्हता. आतल्या बोळात घर बदलल्यावर तीन महिन्यांत त्या रात्री सलग झोपू लागल्या आणि डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, हे मला कळते. पण तो मी विसरू शकत नाही.

१०. शहरात ५० चा वेग म्हणजे काही फार नाही ना?

फार आहे. समोर मूल आले, तुम्हाला ते दिसले आणि पाय ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद जातो. ५० च्या वेगाने तेवढ्यात गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तितकेच अंतर लागते. ३० च्या वेगाने हा सगळा हिशेब १३ मीटरमध्ये संपतो. म्हणजे तीसची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे पन्नासच्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. भारतात दरवर्षी दीड लाखाहून अधिक माणसे रस्त्यावर मरतात. जुना पुणे नाका ते मार्केट यार्ड या पट्ट्यात महामार्गाच्या सवयीची वाहने आणि पायी रस्ता ओलांडणारी माणसे एकत्र येतात. तिथे वेग उतरवणे हीच माणुसकी.

मागच्या सीटवरचा पट्टाही सक्तीचा आहे, न लावल्यास १,००० रुपये दंड. दंड बाजूला ठेवा. धडकेत पट्टा न लावलेला मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो.

११. आमची गल्ली 'शॉर्टकट' झाली आहे. हा आरोग्याचा प्रश्न कसा?

संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या आजी, दारात बिड्या वळता वळता बोलणाऱ्या बायका, टायर फिरवणारी पोरे, हे सगळे गल्लीत गाड्या वाढल्या की घरात जाते. १९७० च्या सुमारास नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड अॅपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एकसारख्या रस्त्यांचा अभ्यास केला. कमी रहदारीच्या रस्त्यावर माणसाला तिथलेच सरासरी तीन मित्र होते, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकाहूनही कमी. एकटेपणा म्हाताऱ्या माणसाचे आयुष्य कमी करतो, हे आता वैद्यकात मान्य आहे. पूर्व भागातल्या पेठांमध्ये हे शेजारपण अजून शिल्लक आहे. गल्लीच्या तोंडाशी नियमाप्रमाणे रंगवलेला गतिरोधक आणि एकेरी वाहतूक, एवढी मागणी सगळ्यांच्या सह्यांनी केली तरी पुष्कळ झाले.

१२. मुलांना शाळेत कारने सोडणेच सुरक्षित, असे मला वाटते. चूक आहे का?

आईबापाची भीती चूक नसते. पण शाळेच्या फाटकाबाहेरची गर्दी बघा. प्रत्येक कार आपल्या मुलाला वाचवते आणि बाकीच्या मुलांना धोक्यात घालते. इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांचा धूर बरोबर सात-आठ वर्षांच्या मुलाच्या नाकाच्या उंचीला असतो.

मधला मार्ग असा: गाडी फाटकापासून तीन-चारशे मीटर अलीकडे लावा, इंजिन बंद करा, तिथून हात धरून चाला. एकाच सोसायटीतली सहा-सात मुले असतील तर पालकांनी आळीपाळीने त्यांना पायी न्यावे. माझ्या ओळखीच्या चार घरांनी हे जूनमध्ये सुरू केले आणि दिवाळीनंतरही चालू ठेवले. अंतर मोठे असेल किंवा मध्ये महामार्ग ओलांडावा लागत असेल, तर शाळेची बस कारपेक्षा बरी.

१३. इलेक्ट्रिक कार घेतली, किंवा पीयूसी वेळेवर काढली, तर प्रश्न मिटला ना?

इलेक्ट्रिक कारला धुराडे नाही, आणि वस्तीसाठी तो मोठाच फायदा आहे. पण टायरची झीज, उडणारी धूळ (प्रश्न ३), धडक (प्रश्न १०) आणि बसून राहणे (प्रश्न ५) तसेच राहते. आवाजही कमी वेगातच कमी असतो, वेग वाढला की टायरचाच आवाज मोठा.

पीयूसीत पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तर डिझेलच्या धुराचा दाटपणा मोजतात. बारीक कणांचे वजन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड त्यात मोजले जात नाहीत. काढायलाच हवी, पण ती स्वच्छतेची हमी नाही. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे.

१४. घरच हमरस्त्याला लागून आहे. विकून जावे का?

लगेच नको. रहदारीचे प्रदूषण मोठ्या रस्त्यापासून साधारण ३०० ते ५०० मीटरपर्यंत जास्त असते आणि पहिल्या शंभर मीटरमध्ये झपाट्याने उतरते. झोपण्याची खोली मागच्या बाजूला घ्या. रस्त्याकडची खिडकी गर्दीच्या वेळी बंद ठेवा, दुपारी रहदारी ओसरल्यावर उघडा. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. आवारात जागा असेल तर उंच, दाट कुंपण लावा. मनी प्लँटच्या कुंड्यांनी खोलीतली हवा शुद्ध होत नाही.

१५. रुमाल बांधला की पुरतो ना?

डोळ्यांना दिसणारी धूळ अडते. बारीक कणांसाठी घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. वायू त्यातूनही जातात.

१६. बसने जा म्हणता, पण आमच्या भागात बस येतच नाही.

ही तक्रार रास्त आहे. जुळे सोलापूर, होटगी रस्ता यांसारख्या वाढत्या भागांत माणसे हौसेने कार घेत नाहीत, बस नसल्यामुळे घेतात. सवयीचा दोष नागरिकाच्या माथी मारून मोकळे होणे मला पटत नाही. बस नियमित झाली तर थांब्यापर्यंत जाऊन-येऊन होणारे चालणेच वीस-पंचवीस मिनिटांचे होते. तोवर शेअर रिक्षा आणि एका कारमध्ये तिघे-चौघे, एवढे आपल्या हातात आहे.

१७. वडिलांना गुडघेदुखी आहे, आईला दमा. त्यांनीही कार सोडायची?

मुळीच नाही. ज्यांना चालणे शक्य नाही, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, जे दिव्यांग आहेत, त्यांच्यासाठी कार म्हणजे पाय. धडधाकट माणसांनी छोट्या फेऱ्या कमी केल्या की दवाखान्याच्या दारातली जागा यांच्यासाठी मोकळी होते. एक सांगते, संधिवाताच्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती मानवत नाही. सपाट जागी दहा-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, काठी घेऊन का होईना, चालू द्या. गुडघा सुजलेला, गरम असेल तेव्हा मात्र आधी दाखवा.

१८. बाळ झोपले आहे, दोन मिनिटांत येतो म्हणून कारमध्ये ठेवले तर?

ठेवू नका. उन्हात उभ्या बंद कारमधले तापमान दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढते, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात सुरुवातच चाळिशीपासून होते. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी वेगाने तापते. काच बोटभर उघडी ठेवून फरक पडत नाही.

१९. अपघात दिसला तर थांबावेसे वाटते, पण पोलिसांचे झंझट मागे लागेल का?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आहे. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचे की नाही हे तुम्ही ठरवायचे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे, त्यामुळे 'पैसे कोण भरणार' म्हणून थांबू नका. १०८ ला फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मानेला मार असेल तर ओढून उठवू नका, पाणी पाजू नका, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्या माणसाशी बोलत राहा.